जुना पेपर की नवा?

नेटवर्किंग, क्लाउड किंवा सायबर सुरक्षेतलं एखादं सर्टिफिकेशन करायला निघालेल्या मुलामुलींकडून एक प्रश्न या स्तंभाकडे सतत येतो. "परीक्षा बंद होणार असं कंपनीनं जाहीर केलंय. घाई करून जुनीच देऊन टाकू, की नवी येईपर्यंत थांबू?" विचारणाऱ्याचा अर्धाअधिक अभ्यास झालेला असतो, क्लासची फी भरलेली असते आणि 'मार्चपर्यंत होऊन जाईल' असं घरी सांगूनही झालेलं असतं. प्रश्न अभ्यासक्रमाचा वाटतो, पण त्यात घरचा पैसा आणि पहिल्या नोकरीची वेळ दोन्ही अडकलेलं असतं.

माझं मत आधीच सांगतो. शेवटच्या तारखेच्या आत पहिला प्रयत्न आणि तो फसलाच तर दुसराही बसत असेल, तर जुनीच परीक्षा द्यावी. जेमतेम एकच प्रयत्न बसत असेल, तर सरळ नव्या अभ्यासक्रमाकडे वळावं. याला अपवाद एकच. सर्टिफिकेशन दोन पेपरचं असेल आणि त्यातला एक सुटलेला असेल, तर जोखीम पत्करूनही दुसरा पेपर मुदतीत द्यावा.

हा अपवाद किती महत्त्वाचा आहे, ते २०२० साली सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंग सर्टिफिकेशनच्या विद्यार्थ्यांना कळलं. सिस्कोनं १० जून २०१९ रोजी आपल्या सर्टिफिकेशनची सगळी रचना बदलत असल्याचं जाहीर केलं. जुन्या परीक्षांचा शेवटचा दिवस २३ फेब्रुवारी २०२०, आणि दुसऱ्या दिवसापासून नव्या सुरू. मध्ये दोन्ही परीक्षा एकाच वेळी उपलब्ध असतील असा काळच नव्हता. जुनी सीसीएनए दोन वाटांनी करता यायची : २००-१२५ हा एकच मोठा पेपर, किंवा आयसीएनडी-१ आणि आयसीएनडी-२ असे दोन. फी दोन हप्त्यांत विभागली जाते आणि अभ्यासही, म्हणून अनेक जण दोन पेपरची वाट धरत. पहिला पेपर सुटला की सीसेंट नावाचं छोटं सर्टिफिकेट हातात यायचं. नव्या रचनेत सीसेंटच राहिलं नाही. दोन्ही पेपर झालेल्यांची सीसीएनए नव्या सीसीएनएत जशीच्या तशी धरली गेली. ज्यांचा पहिलाच पेपर झाला होता, त्यांना मात्र नव्या परीक्षेत त्याचा काडीचाही लाभ मिळाला नाही. वरच्या पातळीवरच्या सीसीएनपीसाठी सुटलेले पेपर नव्या रचनेत धरले गेले, सीसीएनएच्या अर्ध्या वाटेवर असलेल्यांसाठी तशी सोय नव्हती. त्यांना २००-३०१ हा अख्खा नवा पेपर द्यावा लागला, फी ३०० डॉलर आणि वर कर.

त्या जानेवारीत पुण्यातल्या एका क्लासमध्ये गेलो होतो. फळ्यावर निळ्या मार्करनं नव्या बॅचची सूचना लिहिलेली होती : आयसीएनडी-२, फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून, अवधी आठ आठवडे. म्हणजे बॅच मार्चअखेर संपणार आणि जिच्यासाठी ती चालवायची ती परीक्षा त्याच्या महिनाभर आधी बंद झालेली असणार. समोर लातूरकडून आलेला, कर्वेनगरात कॉट बेसिसवर राहणारा एक मुलगा बसला होता. आयसीएनडी-१ तो पास झालेला. वहीत व्हीलॅनच्या आकृत्या पट्टीनं आखलेल्या, सबनेटिंगची गणितं पानंच्या पानं सोडवलेली. शेवटची तारीख त्याला कुणीही सांगितलेली नव्हती, आणि जाहीर होऊन तर सात महिने उलटले होते. क्लासचालकाला ती ठाऊक नव्हती असं मानलं, तर तो त्या धंद्यात कशाला? ठाऊक असूनही त्यानं बॅच लावली असेल, तर त्याला माझ्या लेखी फसवणूकच म्हणतात.

ज्यांचा अभ्यास तेव्हा नुकताच सुरू झाला होता, त्यांनी नव्या पेपरला घाबरायचं कारण नव्हतं. आयपी ॲड्रेसिंग, सबनेटिंग, व्हीलॅन, ओएसपीएफ हे सगळं नव्यातही तसंच होतं. ईआयजीआरपी गेलं, वायरलेसचा आणि सुरक्षेचा भाग वाढला आणि ऑटोमेशनला दहा टक्के वजन मिळालं. जेसन वाचता येणं, कंट्रोलरवर चालणारं नेटवर्क म्हणजे काय ते समजणं, इतपत त्याची खोली. नव्या पेपरची भीती मनात जेवढी असते, तेवढा बदल अभ्यासक्रमात बहुतेक वेळा नसतो. दोन्ही अभ्यासक्रमांची विषयसूची कंपनी फुकट प्रसिद्ध करते. ती छापून घेऊन शेजारी शेजारी ठेवली, तर एका संध्याकाळी निकाल लागतो.

'परीक्षा बंद' या बातमीत दोन वेगळ्या गोष्टी असतात, हेही पाहायला हवं. कधी फक्त पेपर बदलतो, सर्टिफिकेशनचं नाव तेच राहतं. कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लसचा ७०१ क्रमांकाचा नवा पेपर ७ नोव्हेंबर २०२३ रोजी आला आणि जुना ६०१ हा ३१ जुलै २०२४ पर्यंत चालू होता. ६०१ देऊन शेवटच्या दिवशी पास झालेल्यालाही पास झाल्यापासून पुरी तीन वर्षं तेच सिक्युरिटी प्लस लावता येतं. अशा वेळी तयारी झालेल्यानं जुना पेपर सोडण्यात काहीच शहाणपण नाही.

दुसऱ्या प्रकारात सर्टिफिकेशनच इतिहासजमा होतं. मायक्रोसॉफ्टनं २७ फेब्रुवारी २०२० रोजी एमसीएसए, एमसीएसडी आणि एमसीएसई बंद होणार असं जाहीर केलं. तारीख ठरली होती ३० जून २०२०. पुढे कोरोनामुळे परीक्षा केंद्रांना कुलपं लागली आणि ती ३१ जानेवारी २०२१ पर्यंत लांबवली गेली. इथे निर्णय अवघड होता, कारण त्यांची जागा घ्यायला आलेली बहुतेक सर्टिफिकेशन क्लाउडची होती आणि अनेकांचं रोजचं काम मात्र कार्यालयातल्या सर्व्हर रूममधलं. विंडोज सर्व्हर २०१६ ला तर मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०२७ पर्यंत आहे. म्हणून जी मुलं तेव्हा अशा सर्व्हरवर काम करत होती, त्यांनी वाढीव मुदतीत एमसीएसए पूर्ण केली ते योग्यच केलं. नव्यानं या क्षेत्रात येणाऱ्यानं मात्र बंद पडत चाललेल्या नावावर पैसे घालायला नको होते.

'सगळं स्थिर झालं की देऊ' म्हणणाऱ्यांना ॲझ्युरच्या ॲडमिनिस्ट्रेटर परीक्षेकडे पाहायला सांगतो. ७०-५३३ हा पेपर २०१८ च्या अखेरीस बंद झाला. त्याच्या जागी एझेड-१०० आणि एझेड-१०१ असे दोन आले. मे २०१९ मध्ये दोघांचा मिळून एझेड-१०३ झाला आणि २०२० मध्ये त्याचाही एझेड-१०४ झाला. वाट पाहत बसलेल्याची दोन वर्षं अशीच निघून गेली. ज्यानं मधला कुठलाही पेपर मनापासून अभ्यास करून दिला, तो तोवर कामाला लागला होता.

आता हिशेब. तो शेवटच्या तारखेपासून मागे करत यायचा. सिस्कोच्या परीक्षेत नापास झालात तर पुन्हा बसण्याआधी पाच दिवस थांबावं लागतं. मायक्रोसॉफ्टकडे पहिल्या वेळी चोवीस तास आणि त्यापुढे चौदा दिवस. कॉम्पटियाकडे दुसऱ्या प्रयत्नाला थांबावं लागत नाही, तिसऱ्याला चौदा दिवस. हे नियम बदलतात, म्हणून पैसे भरताना कंपनीचं ताजं धोरण वाचा. त्यात शेवटच्या आठवड्यांत केंद्रावर जागा न मिळण्याची शक्यता धरा. माझ्या मते पहिला प्रयत्न शेवटच्या तारखेच्या किमान सहा आठवडे आधी व्हायला हवा. कॉम्पटियाच्या ए प्लससारख्या दोन पेपरच्या परीक्षेला तर त्याहूनही आधी, कारण तिथे दोन्ही पेपर एकाच मालिकेतले लागतात. ११०१ सुटला आणि ११०२ हा २५ सप्टेंबर २०२५ पूर्वी झाला नाही, तर नव्या मालिकेतल्या १२०२ शी ११०१ ची जोडी लावता येत नाही. व्हाउचरची मुदत आणि परीक्षेची मुदत यांतही गल्लत करू नका. व्हाउचर शिल्लक आहे म्हणून परीक्षा शिल्लक आहे असं होत नाही.

घरून परीक्षा देण्याची सोय आता आहे, पण तिच्या अटी आपल्या मुलांच्या राहणीला सोप्या नाहीत. खोलीचे चारही बाजूंनी फोटो द्यावे लागतात, टेबल मोकळं लागतं, परीक्षा चालू असताना दुसरं कुणी आत आलेलं चालत नाही. तिघेजण राहत असलेल्या खोलीत हे जमवणं कठीण, आणि तालुक्याच्या गावी दुपारी वीज गेली तर सगळंच मुसळ केरात. जवळ केंद्र असेल तर प्रवासाचा खर्च सोसून तिथेच जा.

शेवटची तारीख जवळ आली की डम्प, म्हणजे चोरलेल्या प्रश्नांचे संच, विकणाऱ्यांचा सुळसुळाट होतो. 'जुना पेपर आहे, प्रश्न सगळे बाहेर आलेत, दोन रात्रींत पास' असा त्यांचा घोष असतो. चोरलेल्या प्रश्नांवर मिळवलेलं सर्टिफिकेट कंपनी रद्द करू शकते. ते टिकलं, तरी मुलाखतीत साधं सबनेट काढायला सांगितल्यावर जी शांतता पसरते, ती मी समोर बसून पाहिली आहे. अशा मुलांचा मला राग येत नाही. त्यांना या वाटेला लावणाऱ्या एजंटांचा येतो.

राज्यातल्या क्लासचालकांना माझी एक मागणी आहे. प्रवेशअर्जावर फीच्या रकमेशेजारी परीक्षेचा क्रमांक आणि ती बंद होण्याची जाहीर झालेली तारीख छापा. जाहीर झालेली नसेल तर तसं लिहा. बॅच त्या तारखेच्या सहा आठवडे आधी संपत नसेल तर ती लावू नका, आणि लावलीच असेल तर नव्या अभ्यासक्रमाचे तास वेगळी फी न घेता द्या. विद्यार्थ्यांनी आणि पालकांनीही पहिला हप्ता देण्याआधी परीक्षेचा क्रमांक आणि तारीख या दोन गोष्टी विचाराव्यात. उत्तर तोंडी मिळालं तर कागदावर मागा. ते द्यायला जो क्लास टाळाटाळ करेल, तिथे पैसे भरू नका.