भाडे न देणारा रूममेट आणि करारातील उणीव



शिक्षण, स्पर्धा परीक्षा किंवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेली तरुण मंडळी तिघा-चौघांत एक फ्लॅट घेऊन राहतात, आणि त्यांपैकी एकाने भाड्याचा वाटा देणे थांबवून जागा सोडण्यासही नकार दिला, तर उरलेल्यांना बहुधा एकच सल्ला मिळतो : त्याचे सामान जिन्यात ठेवा आणि कुलूप बदला. हा सल्ला अन्यायकारक आहेच, शिवाय तो देणाऱ्यांनी मूळ अडचण ओळखलेलीच नसते.

अशी घरे सहसा अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर, म्हणजे जागेत कोणताही हक्क निर्माण न करता ती केवळ वापरण्याचा परवाना देणाऱ्या करारावर दिली जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि मुदत संपूनही निवासी परवानाधारक हटला नाही, तर कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागून जागेचा ताबा व दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळवता येते. परंतु हा तातडीचा मार्ग घरमालकासाठी आहे. ज्याचे नाव करारात थकबाकीदाराच्याच शेजारी आहे, तो सहपरवानाधारक स्वतःही परवानगीनेच तेथे राहत असल्यामुळे त्याला दुसऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार मिळत नाही.

उलट पैशाची जबाबदारी मात्र त्याच्यावर पूर्ण येते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ प्रमाणे अनेकांनी मिळून एक वचन दिले असेल आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर समोरचा पक्ष त्यांपैकी कोणाही एकाकडून ते पूर्णपणे पाळून घेऊ शकतो. म्हणजे चौघांचे भाडे २४ हजार रुपये असेल आणि एकाने आपले सहा हजार दिले नाहीत, तरी घरमालक संपूर्ण रक्कम उरलेल्या तिघांकडून मागू शकतो. ज्यांनी ती भरली त्यांना थकबाकीदाराचा हिस्सा त्याच्याकडून वसूल करण्याचा हक्क हेच कलम देते, पण त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागतो आणि वकिलाची फी वसुलीच्या रकमेलाच गिळून टाकते. पुराव्याची स्थिती त्याहून बिकट असते : भाडे एकाच्या खात्यात जमा होते, तेथून घरमालकाकडे जाते, आणि त्याच खात्यात गॅस सिलिंडर, दूध, विजेचे बिल व स्वयंपाकाच्या मावशींचा पगार यांचेही पैसे येत असल्यामुळे कोणती रक्कम कशाची, हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. पोलीस ठाण्यात गेल्यास ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ एवढेच उत्तर मिळते.

अशा कोंडीत कुलूप बदलण्याचा मोह होणे समजण्यासारखे आहे. तथापि तसे केल्यास, भाडे बुडवणाऱ्यालाच बेकायदा अडवणुकीची तक्रार करण्याची संधी मिळते आणि ज्यांचे नुकसान झाले तेच आरोपीच्या जागी उभे राहतात. नोकरी गेल्यामुळे ज्याला देता येत नाही आणि हातात पैसा असून जो देत नाही, त्या दोघांत फरक करणेही तेव्हा अशक्य होते. परवाना रद्द झाल्यावरही जागा सोडून सामान हलवण्यासाठी रास्त मुदत मिळाली पाहिजे, हे तत्त्व भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६३ मध्ये आहे, आणि ते योग्यच आहे.

सध्याच्या व्यवस्थेत त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा आहे. दावा दाखल होण्यापूर्वीचा वादही तेथून लोकअदालतीत नेता येतो आणि तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. मात्र त्यासाठी समोरच्याची संमती लागते, आणि अडून बसलेला माणूस ती सहज देत नाही.

म्हणून उपाय करारातच असला पाहिजे. नोंदणीसाठी वापरल्या जाणाऱ्या मसुद्यात प्रत्येकाच्या भाड्याचा व अनामत रकमेचा वाटा स्वतंत्रपणे लिहिला जावा, सलग दोन महिने वाटा थकल्यास इतरांच्या लेखी तक्रारीवरून घरमालकाने केवळ त्या व्यक्तीचा परवाना एक महिन्याच्या नोटिशीने रद्द करावा, आणि थकबाकी त्याच व्यक्तीच्या अनामतीतून वळती व्हावी. आज अनामत एकत्रित असल्याने एकाच्या थकबाकीची कात्री सर्वांच्या पैशाला लागते. या तरतुदींसाठी विधिमंडळात जाण्याचे कारण नाही. उभय पक्षांनी मान्य केलेल्या अटी म्हणून त्या आजही लिहिता येतात, आणि नोंदणी विभागाने आपल्या ऑनलाइन नमुन्यात तसे रकाने दिले तर करार करून देणारे एजंटही ते भरून घेतील.

— एक वाचक, पुणे