दोन दिवसांचं प्रमाणपत्र आणि घाबरलेलं मूल

शिक्षकाला प्रशिक्षणाचं अप्रूप राहिलेलं नसतं. दोन दिवस हॉलमध्ये बसायचं, पीपीटी पाहायची, मध्ये चहा-बिस्किट, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. नव्या पाठ्यपुस्तकापुरतं ते चालूनही जातं. पण अत्याचार, दंगल, अपघात किंवा जवळच्याचा मृत्यू पाहिलेल्या मुलांवरचे उपचारही याच पद्धतीने ‘शिकवण्याच्या’ जाहिराती व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागल्यात, तेव्हा गप्प बसवत नाही.

या उपचाराची सर्वाधिक अभ्यासलेली पद्धत म्हणजे ट्रॉमा-फोकस्ड कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी. जुडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी ती अमेरिकेत विकसित केली. साधारण 12 ते 16 बैठका, मुलाच्या आणि त्याला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाच्याही. आधी श्वास, शरीर सैल सोडणं, भावनेला नाव देणं. मग थोडं थोडं करत मूल घडलेली गोष्ट सांगतं. हा क्रम समजला नाही आणि पहिल्याच भेटीत ‘काय झालं ते सांग बरं’ म्हटलं, तर मूल आणखी मिटतं. तेवढं तर पोलीस आणि वकीलही विचारतात!

त्याच अमेरिकेत प्रमाणपत्र हवं असेल तर दोन दिवसांचा वर्ग ही फक्त सुरुवात असते. पुढे कित्येक महिने स्वतःच्या केसेसवर तज्ज्ञाशी चर्चा करावी लागते, उपचार पूर्ण केलेली तीन मुलं दाखवावी लागतात. बी.एड.ला आमच्या सराव पाठाला प्राध्यापक मागच्या बाकावर वही घेऊन बसायचे. प्रश्न विचारून उत्तराची वाटच पाहिली नाही, हेसुद्धा टिपायचे. शिकवायला आम्ही शिकलो ते त्या वहीमुळे, शिक्षणशास्त्राच्या नोट्समुळे नाही.

‘आपल्याकडे तज्ज्ञच नाहीत, मग कसं जमायचं?’ असं कुणी म्हणेल. झांबियात तरी कुठे होते? लुसाका शहरात 257 मुलांवर झालेला अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. तिथे उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, वस्तीतले प्रशिक्षित कार्यकर्ते होते. नेहमीच्या मदतीपेक्षा या मुलांची लक्षणं कितीतरी जास्त कमी झाली. पुढे केनियात तर शिक्षकांनाही हे काम शिकवलं गेलं. कार्यकर्ते साधेच होते, पण त्यांच्या पाठीशी नियमित देखरेख होती. आपण नेमकी तीच वगळतो, कारण तिचा फोटो निघत नाही.

आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्सचा ‘संवाद’ उपक्रम मुलांसोबत काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. त्यातल्या समुपदेशकाला आठवड्यातून एक तास अनुभवी माणसासोबत स्वतःच्या केसेस मांडता आल्या पाहिजेत. हा तास नोकरीचा भाग हवा, उपकार नको.

आणि तो मुलाच्या भाषेत व्हायला हवा. माझ्या वर्गात एक मूल म्हणतं, ‘जी घबराता है’, दुसरं म्हणतं, ‘पोटात गोळा येतो’. कुणाच्या घरी ‘नजर लागली’ म्हणून आधी दम करून आणलेला असतो. त्या आईला हिणवलं तर ती दुसऱ्या बैठकीला येत नाही. भावनांचे तक्ते मात्र इंग्रजीत छापलेले. मराठीत भाषांतर झालंच तर ‘चिंताग्रस्त’ लिहितात. आठ वर्षांचं कुठलं मूल स्वतःला चिंताग्रस्त म्हणतं?