कुत्र्याला घरचे द्या, पण शिजवून द्या

माणसांच्या डॉक्टरने कुत्र्याच्या जेवणावर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु पाळलेला कुत्रा घरभर वावरतो, मुलांच्या अंगाशी खेळतो, त्यांची तोंडे चाटतो. त्याच्या पोटात जे जाते त्याचा परिणाम घरातल्या माणसांपर्यंत पोहोचतो. म्हणून हा विषय जितका पशुवैद्यांचा, तितकाच आमचाही आहे.

अलीकडे आपल्या भागातही लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड पाळणारे वाढले आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या मनात एक विचार मूळ धरतो आहे. कुत्र्याला कच्चे मांस, कच्ची कलेजी आणि हाडे घालावीत, कारण तोच त्याचा नैसर्गिक आहार होय! ऑस्ट्रेलियातील पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ सालच्या पुस्तकानंतर या विचाराचा जगभर प्रसार झाला. विकतच्या खाद्यापेक्षा घरी केलेले अन्न द्यावे, यावर माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप आहे तो ‘कच्चे’ या शब्दावर.

मुख्य कारण म्हणजे हायडॅटिड हा रोग. मेंढ्या-बकऱ्यांच्या यकृतात व फुफ्फुसांत कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या एका कृमीच्या पिल्लावस्थेच्या असतात. अशी कलेजी किंवा फुफ्फुस कुत्र्याने कच्चे खाल्ले, की त्याच्या आतड्यात अवघ्या काही मिलिमीटर लांबीचे कृमी वाढतात. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो. पण त्याच्या विष्ठेतून कृमींची अंडी बाहेर पडत राहतात. ती माती, भाजीपाला आणि कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. कुत्र्याला कुरवाळून हात न धुता मूल जेवायला बसले, की अंडी त्याच्या पोटात जातात.

पुढे वर्षानुवर्षे काहीच कळत नाही. बहुतेकांच्या यकृतात, काहींच्या फुफ्फुसात गाठ हळूहळू मोठी होते. पोटात जडपणा, उजव्या बरगडीखाली दुखणे किंवा खोकला सुरू होतो, तेव्हा तपासणीत ती सापडते. गाठ आत फुटली तर तीव्र ॲलर्जीने जिवावर बेतू शकते. काहींना महिनोन् महिने औषध घ्यावे लागते, तर अनेकांना शस्त्रक्रिया. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गाठ असलेले मटण खाऊन माणसाला हा रोग होत नाही. तो कुत्र्यामार्फतच येतो. म्हणजे साखळी तोडण्याची जागा कुत्र्याच्या ताटलीतच आहे.

दुसरा धोका जंतूंचा. कच्च्या कोंबडीत साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. कुत्र्याला ते बहुधा बाधत नाहीत, पण त्याच्या लाळेतून व विष्ठेतून घरात पसरतात. लहान मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि कॅन्सरवर उपचार घेणारे यांना त्यांपासून गंभीर जुलाब-ताप होऊ शकतो. फ्रीझरमध्ये मांस ठेवल्याने हे जंतू मरत नाहीत, नुसते थिजून राहतात. अमेरिकेतील पशुवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ साली कुत्र्या-मांजरांना कच्चे मांस घालू नये अशी भूमिका घेतली, ती याच कारणांसाठी.

“पण कुत्रा मुळात लांडगाच ना?” असे विचारले जाते. तो लांडग्याच्या वंशातला खरा. पण हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर जगून तो बदलला आहे. पिष्टमय अन्न पचविण्याचे जनुक कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक संख्येने असतात, हे २०१३ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी दाखविले. शिजलेला भात, भाकरी त्याला उत्तम पचते. कातडीची तकाकीही कच्चेपणाने येत नाही. ती पुरेशा प्रथिनांनी व स्निग्धांशाने येते, आणि हे दोन्ही शिजविलेल्या अन्नात मिळते.

आता समतोल आहाराविषयी. आपल्याकडे दोन टोके दिसतात. एका घरी नुसती दूध-पोळी, दुसऱ्या घरी नुसते मांस. पहिल्यात प्रथिने कमी पडतात. दुसऱ्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असल्याने वाढत्या पिल्लाची हाडे मऊ होतात व पाय वाकतात. पंधरा किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्यासाठी दिवसभराचा अंदाज असा : बिनहाडाचे चिकन किंवा मटण २५० ते ३०० ग्रॅम, तांदूळ १०० ग्रॅम, गाजर, दुधी किंवा लाल भोपळा मूठ-दोन मूठ आणि दोन चमचे तेल. सारे नीट शिजवून दोन वेळांत विभागून द्यावे. कॅल्शियमसाठी अंड्याचे टरफल उकळून, वाळवून, बारीक दळून घालावे. एका टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. या कुत्र्याला रोज अर्ध्या टरफलाची पूड पुरते. कलेजी आठवड्यातून एकदा-दोनदा, थोडी आणि शिजवूनच. जस्त, आयोडीन व काही जीवनसत्त्वे यातून कमी पडू शकतात, त्यासाठी पशुवैद्यांना विचारावे. पिल्लांचे आणि गाभण कुत्रीचे प्रमाण तर त्यांनीच ठरवावे. शाकाहारी घरांनीही अंडी, दही, पनीर कितपत पुरेल, याचा सल्ला त्यांच्याकडूनच घ्यावा.

आपला कांदा-लसणाचा रस्सा मात्र कुत्र्याला घालू नये. कांद्या-लसणाने त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षे, मनुका व चॉकलेटही विषारी ठरतात. शिजलेल्या हाडांच्या कपच्या आतड्यात रुततात, म्हणून हाडे काढूनच वाढावे. जंताचे औषध देताना त्यात प्राझिक्वांटेल आहे का, हे विचारून घ्यावे. वर सांगितलेल्या कृमीवर तेच लागते, आणि प्रत्येक जंतनाशकात ते नसते.

घरापुरती काळजी घेऊन भागणार नाही. मटणाच्या दुकानांमागे टाकलेल्या कलेजी-फुफ्फुसांवर मोकाट कुत्री तुटून पडतात, ते दृश्य कोणत्याही गावाला नवे नाही. तीच कुत्री शाळेच्या पटांगणात आणि भाजीच्या वाफ्यांत विष्ठा करतात. एकोणिसाव्या शतकात आइसलँडमध्ये हायडॅटिडने कहर केला होता. १८६३ साली डेन्मार्कचे हाराल्ड क्राब्बे यांनी तेथे जाऊन पाहणी केली. मेंढ्यांचे रोगट अवयव कुत्र्यांपुढे टाकू नका, जाळा किंवा पुरा, हा संदेश पुस्तिकेतून लोकांपर्यंत गेला. पुढे कायदे झाले आणि कालांतराने रोग तेथून हद्दपार झाला. त्या काळी आजची औषधे नव्हती. होती ती शिस्त.

नगरपालिकांनी ही घाण खोल पुरण्याची सक्ती करावी, दुकानदारांनी ती पाळावी. आणि कुत्रा पाळणाऱ्यांनी त्याचे अन्न चुलीवर चढवावे. कुकरच्या चार शिट्ट्यांनी जे टळते, त्यासाठी घरातल्या मुलाला ऑपरेशनच्या टेबलावर जावे लागू नये.