क्रूझवरचा कर सोपा झाला, हलका नाही

परदेशी क्रूझ कंपन्यांसाठी सोपी करपद्धती आणत असल्याचे जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात सांगण्यात आले. सोपी ती खरीच. प्रवासी वाहतुकीतून मिळालेल्या रकमेचा २० टक्के भाग सरळ नफा मानायचा आणि त्यावर परदेशी कंपन्यांचा ३५ टक्के दर लावायचा. म्हणजे १०० रुपयांमागे ७ रुपये कर. अधिभार व उपकर वेगळे. पूर्वी जहाज वाहतुकीच्या सर्वसाधारण नियमाने नफा ७.५ टक्केच धरला जाई, दर ४० टक्के; कर ३ रुपये. परदेशी मालवाहू जहाजांचा नफा आजही ७.५ टक्केच धरतात. आंतरराष्ट्रीय फेऱ्यांना दुहेरी करआकारणी टाळणारे करार सहसा वाचवतात. मुंबई-गोवा-कोचीसारख्या फक्त भारतीय बंदरांमधल्या फेऱ्यांना तो आडोसा नाही. पर्यटनाच्या नावाने बदल करायचाच होता, तर निदान जुना भार तरी कायम ठेवायला हवा होता.