दहा मिनिटांत सिकलसेलचे निदान? जरा थांबा

तेल आणि पाणी एकत्र होत नाहीत, हे आपण रोज रश्श्याच्या तर्रीत पाहतो. पण पाण्यापासून पाणी वेगळे राहू शकते का? राहू शकते. पॉलिइथिलीन ग्लायकॉल (पोट साफ करण्याच्या काही औषधांत हेच असते) आणि डेक्स्ट्रॅन योग्य प्रमाणात पाण्यात विरघळवले, तर थोड्या वेळाने दोन थर दिसतात. दोन्हींत मुख्यतः पाणीच! स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-ओके अल्बर्टसन यांनी १९५०च्या दशकात या थरांचा उपयोग पेशी आणि पेशींच्या आतले नाजूक भाग वेगळे करायला सुरू केला. इतर द्रावकांत पेशी फुटतात, इथे शाबूत राहतात.

याचा तुमच्याशी काय संबंध? सिकलसेल आजारात काही तांबड्या पेशींतले पाणी कमी होऊन त्या जड होतात. २०१४ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी असेच थर बारीक नळीत भरून चाचणी तयार केली. बोटातले थेंबभर रक्त टाकून नळी सुमारे १० मिनिटे यंत्रात फिरवायची. जड पेशी थर ओलांडून तळाशी जातात आणि तिथला लाल रंग डोळ्यांनी दिसतो.

कल्पना सुंदर आहे, मला मनापासून आवडते. पण हीच चाचणी झांबियातल्या रुग्णालयात वापरली, तेव्हा आजार नसलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ४० जणांनाही तिने आजारी ठरवले. अशा निकालाने घरात किती रडारड होईल! शिवाय जड पेशी वाहकांत सहसा नसतात, म्हणून ही चाचणी वाहक शोधत नाही.

आपल्याकडे विदर्भात, नंदुरबारमध्ये शिबिरांत होणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीची अडचण उलटी. ती वाहक आणि रुग्ण दोघांनाही पॉझिटिव्ह दाखवते. वाहक सहसा धडधाकट असतो, त्याला आजारी समजून औषधे देणे चूक. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

म्हणून माझे स्पष्ट मत: झटपट चाचणी चाळणीपुरती. कागदावर नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले असेल, तर त्यावर लग्न मोडू नका आणि औषधही सुरू करू नका. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या आणि डॉक्टरांना विचारा, ‘एएस की एसएस?’ एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण.