स्वतःला सावरणारी यंत्रणा कोण सावरणार?

२० ऑक्टोबर २०२५ रोजी, भारतात नरकचतुर्दशीची दुपार असताना, ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात ‘डायनॅमोडीबी’ या डेटाबेस सेवेचा पत्ताच नाहीसा झाला. पत्त्यांची नोंद चालू स्थितीतच बदलणाऱ्या स्वयंचलित प्रक्रियांपैकी एक रेंगाळली आणि तिने जुनी योजना नव्या योजनेवर लादली. दुसरीने ती कालबाह्य ठरवून पुसली. उरली रिकामी नोंद. ती यंत्रणेला स्वतःहून भरता येईना, अखेर माणसांनाच हात घालावा लागला. विशेष म्हणजे, एक कोलमडली तरी दुसरी चालावी म्हणूनच या प्रक्रिया स्वतंत्र ठेवल्या होत्या. योजना जुनी नाही ना, ही तपासणी झाली होती. पण आरंभी, लागू करण्याच्या क्षणी नव्हे. आपल्यापैकी अनेकजण अशाच प्रणाली रचतात (दिवाळीतही). शेवटची चालू नोंद पुसण्याचा अधिकार त्यांनी कोणत्याही स्वयंचलित प्रक्रियेला देऊ नये.