मोत्याचा फराळ

दिवाळी अंकात चकल्या-अनारशांच्या पंगतीला कुत्र्याचा खाऊ येऊन बसला, म्हणून काही भगिनी नाक मुरडतील. खुशाल मुरडा! पण ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना ठाऊक आहे, की तळणाचा वास सुटला की स्वारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी हजर होते आणि घरातले कोणीतरी, बहुधा आजोबाच, हळूच अर्धा लाडू खाली सोडतात. हाच लाड घातक. लाडवातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चिवड्यातला कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तेव्हा त्याचा फराळ वेगळा हवा. आमच्या मोत्यासाठी मी मांसाच्या पट्ट्या वाळवते.

बाजारात तयार पाकिटे मिळतात, नाही असे नाही. पण २००७ सालापासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अशा वाळवलेल्या पट्ट्या खाऊन कुत्री आजारी पडल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. बहुतेक माल चीनमधून आलेला होता. पुढच्या काही वर्षांत हजाराहून अधिक कुत्री दगावल्याच्या तक्रारी जमा झाल्या, तपासण्या झाल्या, तरी नेमके कारण हाती लागले नाही. हे वाचल्यापासून मी पाकिटाच्या वाटेला गेले नाही.

वाळवण्याची विद्या मात्र मी पुस्तकातून घेतलेली नाही. शिक्षिकेच्या नोकरीत माझी वर्षे शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत गेली. मुंबईकर ज्यांचे पाणी पितात ती भातसा, तानसा धरणे शहापुरातलीच. पाऊस तिथे किती कोसळतो हे वेगळे सांगायला नको. त्यामुळे उन्हाळ्यातच आठवडी बाजारातून सुकट-बोंबलाची बेगमी करून ठेवायची, हा घरोघरचा रिवाज. तिथे एक गोष्ट कळली. बारीक जिन्नस नुसत्या उन्हात वाळतो. जाड मासा असला तर त्याला मीठ चोळावे लागते, नाहीतर वरून सुकतो आणि आतून नासतो.

आणि पावसात ऊनच नसेल तर? मुरबाडला आमच्या शेजारी एक ठाकर आजी राहायच्या. पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारे वलगणीचे मासे त्यांच्या घरी आले, की खाऊन उरलेले चुलीवर टांगले जात. धूर आणि धग, दोन्ही कामाला लागत. मी मोत्यासाठी मांस वाळवायला घेतले, तेव्हा आजी ओट्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "बाई, मीठ नाय लावलात तं टिकंल कसा?"

प्रश्न अगदी नेमका होता. कुत्र्याला खारट चालत नाही, आणि मीठ नसलेले मांस ऊन लागून कोमट झाले की त्यात जंतूंची चैन होते. मग मार्ग आजींच्या चुलीचाच: आधी विस्तव, मग ऊन. कोंबडीचे मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस आणि बोकडाचे ७१ अंश तापले, की रोगजंतू मरतात. घरी थर्मामीटर नसला तर साध्या पाण्यात चांगले शिजवून घ्यावे. तुकडा चिरून पाहावा, मधे गुलाबी छटा राहता कामा नये.

चरबी मात्र आधीच काढून टाकायची, ती खवट होते. शिजलेले मांस निवले की बोटाच्या निम्म्याहूनही पातळ कापावे, हाडाचा कण राहू देऊ नये. मग तव्यावर अगदी मंद आचेवर किंवा ओव्हनमध्ये वाळवावे. शेवटचा ओलावा ऑक्टोबरच्या उन्हात, मलमलीखाली, माश्या आणि कावळे सांभाळत. संध्याकाळी आत आणायचे, कारण रात्री दव पडते. पट्टी थंड झाल्यावर चटकन् मोडली पाहिजे. वाकली तर पाणी आहे असे समजून पुन्हा आचेवर. किलोभर मांसाची पाव किलोच्या आसपास चीज हाती येते, तेव्हा नवरेमंडळींनी भाव विचारू नये!

भावावरून आठवले. आजींचा दुसरा प्रश्न मला अधिक टोचला. "कुत्र्याला मटण? आमच्यात सणाला येतं." त्यांच्या दारचा कुत्रा शिळ्या भाकरीवर बिबट्याच्या रानात रात्रभर राखण करायचा. मी काय उत्तर देणार? तेव्हापासून मोत्यासाठी चांगले मांस आणत नाही. खाटकाकडे बोकडाचे फुप्फुस स्वस्तात मिळते, ते वाळवते. ते वाळून बिस्किटासारखे हलके होते आणि मोत्याला त्याहून प्रिय काही नाही. कलेजीही चालते, पण थोडी. तिच्यात अ जीवनसत्त्व इतके असते की रोज दिली तर बाधते. वाळवलेल्या फुप्फुसाची एक डबी आजींच्या कुत्र्याकडेही जाई. आजींनी ती कधी नाकारली नाही, आणि कुत्र्याचे तर विचारूच नका.

मीठ नसल्याने हा खाऊ बरणीत बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये दोनेक आठवडे, बर्फाच्या कप्प्यात दोनेक महिने. दिवसाच्या एकूण अन्नाचा दहावा हिस्सा एवढीच खाऊची मर्यादा. लहान कुत्र्याला दोन तुकडे पुष्कळ झाले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळचा वाटा मात्र मी मागे ठेवते. दारे-खिडक्या लावून घेते, आणि लांब कुठे पहिला फटाका वाजला की मोत्याला एक कण देते. दुसरा वाजला की दुसरा. पलंगाखाली शिरण्याआधी तो आता माझ्या हाताकडे बघतो.